एका वेळी एकच

"माझं नि माझ्या घरचं मत अमृतला," रघ्या म्हणाला आणि ओंजळीतले भाताचे दाणे त्याने सुपात परत सोडले.

सूप सुदामच्या पुढ्यात होतं. सुदाम वरच्या पाड्याचा कारभारी. त्याच्या अंगणात सकाळपासून चाळीस घरं जमली होती. एकेकाने पुढे यायचं, सुपातले दाणे हातात घ्यायचे आणि कणसरीची शपथ घेऊन मत कोणाला दिलं ते सांगायचं. कणसरी म्हणजे धान्याची आई. तिचे दाणे हातात धरून जो खोटं बोलेल, त्याच्या घरातून ती उठून जाते आणि पुन्हा दाणा देत नाही. पाड्यातल्या लहान पोरालाही हे माहीत होतं.

"पुढचा," सुदाम म्हणाला.

"माझं त्याला काय माहीत?"

बायकांत बसलेली त्याची बायको जयवंती हे बोलली. मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतपत. रघ्या अर्धवट उठलेला तसाच थांबला.

"तो काय आत होता माझ्याबरोबर?"

बायका हसल्या, मग पुरुषही हसले. सुदामसुद्धा हसला. "बरोबर बोलते ती. मग तूच ये बाय. घे दाणे नि बोल."

जयवंती उठली. पदर खोचत सुपाशी आली, मूठभर दाणे घेतले. सांगायचं ते ओठांवर तयार होतं, आणि ते खरंही होतं. तिने अमृतच्याच कपबशीपुढचं बटण दाबलं होतं. एवढं म्हणायचं आणि जागेवर जाऊन बसायचं, की झालं. पण मान वर केली तेव्हा तिला दिसलं, की सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघतंय. दीर, जाऊ, पाड्यातली पोरं, भिंतीला टेकलेला अमृत. रघ्या तर ओठ हलवून तिला शब्द सुचवत होता, लहान पोराला शिकवावं तसा.

तिने दाणे सुपात ठेवले.

"नाय सांगणार," ती म्हणाली.

"काय?"

"ज्याला द्यायचं त्याला दिलं. ते माझं माझ्यापाशी."

आता कोणी हसलं नाही.

प्रकरण साधं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या त्या प्रभागात दोन पाडे, वरचा आणि खालचा. वरच्या पाड्यातून अमृत उभा होता, खालच्यातून त्यांचा माणूस. वरच्या पाड्यातले एकशे त्रेचाळीस जण मतदानाला गेले, खालचे एकशे एक्केचाळीस. खालच्यांचं एकही मत इकडे येणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इकडचंही एक तिकडे जाता कामा नये असं इथेच, याच अंगणात ठरलं होतं. तळासरीला मोजणी झाली तेव्हा दोघांनाही एकशे बेचाळीस पडली. मग कोणाच्या तरी लहान मुलीकडून चिठ्ठी उचलवली. चिठ्ठी खालच्या पाड्याची निघाली.

एक मत. ते फुटलं नसतं तर अमृत निवडून आला असता आणि ओहोळावर मोरी, म्हणजे छोटा पूल, झाली असती. त्या मोरीसाठीच तर त्याला उभा केला होता. गेल्या श्रावणात सुदामची सून सुकी अडली. झोळी करून तिला नेली, पण ओहोळ दुथडी भरलेला. पलीकडे रुग्णवाहिका येऊन उभी होती, तिचा लाल दिवा फिरताना दिसत होता. पाणी उतरायची वाट बघत दोन तास काठावर काढले. सुकी तिथेच गेली, पोटातलं पोर घेऊन. तिचं डोकं तेव्हा जयवंतीच्या मांडीवर होतं.

"तू होतीस ना तिथं," सुदाम आता म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तुझ्या मांडीवर गेली ती. आपण पंधरा-वीस घरं होतो तेव्हापासून सगळं एकदिलानं केलं, म्हणून बोअरिंग आली, म्हणून जंगलाचे प्लॉट नावावर झाले. एकटा-एकटा गेला असता तर हापिसात कोणी दारात उभं केलं असतं काय आपल्याला? बोल ना. नुसतं नाव तर घ्यायचं आहे."

"सुदामकाका, मला काय बोलायचं नाय."

"म्हंजे तूच ती."

"तेपण मी नाय बोलले."

त्यानंतर उरलेल्या सगळ्यांनी शपथ घेतली. शेवटी सुदामची म्हातारी आई बुधीबाई नातवाच्या आधाराने आली, तिनेही हातात दाणे घेतले. अमृतचं नाव घेणारे एकशे बेचाळीस भरले. मतंही एकशे बेचाळीस. उरली ती जयवंती. याहून सरळ काय असतं?

फक्त जयवंतीला माहीत होतं, की दाणे हातात घेतलेल्यांतलं कोणीतरी एक खोटं बोललं आहे.

*

असं का केलं, हे तिला कोणी नीट विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती काही हट्टी बाई नव्हती. चाळीस वर्षांत ती कधी कोणाच्या पुढे बोलली नव्हती. सोळाव्या वर्षी भावाने लग्न ठरवलं, तेव्हा विचारलं ते चुलतीला, तिला नाही. मुलीच्या, योगिताच्या, पाठीवरचा मुलगा गेल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं, ते रघ्याने आणि नर्सबाईने ठरवलं. जंगलाच्या प्लॉटच्या कागदावर तिचंही नाव होतं म्हणतात. तिने तो कागद पाहिला नव्हता, अंगठा पाहिला होता. कोणीतरी तो धरून शाईत बुडवला आणि टेकवला. यातल्या कशाचा तिला राग नव्हता. सगळ्यांचंच असं होतं.

मतदानालाही दर वेळी रघ्या मागे असायचा. या वेळीही तो मागोमाग आला होता, बटण दाखवायला. पण टेबलामागे बसलेली बाई कडक होती. "तुम्ही कुठे निघालात? मागे व्हा," ती रघ्याला म्हणाली. "एका वेळी एकच. जा ताई, तुम्ही जा. आत कोणी नाही बघत."

पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे जयवंती उभी राहिली. शाळेचा वर्ग, खिडकी बंद, समोर मशीन. झोपडीत, शेतात, पाण्यावर, टेंपोत, कुठेही ती आजवर एकटी अशी नव्हतीच. तिला सुकीचं डोकं आठवलं, त्याचं वजन आठवलं. तिने कपबशीपुढचं बटण दाबलं. मशीन वाजलं. तरी ती क्षणभर तिथेच उभी राहिली. पाड्याने सांगितलं तेच तिने केलं होतं, पण ते पाड्याने सांगितलं म्हणून केलं नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीने तिला कसंतरीच, भरल्यासारखं वाटलं होतं.

ती गोष्ट आता सुपापुढे ठेवायची होती, रघ्याने ओठ हलवले त्याच शब्दांत.

*

पाड्याने ठरवलं, की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बोलेल त्याला दंड. रघ्याने शपथ घेतली होती म्हणून त्याला आठ दिवस दिले. आठ दिवसांत तिच्याकडून वदवून घे, नाहीतर भावाच्या घरात राहायला ये.

रघ्या वाईट माणूस नव्हता. आठही दिवस त्याने तिला नाना परींनी विचारलं.

"मला तरी सांग. मी कोणाला नाय बोलणार."

"तुला सांगितलं म्हंजे सांगितलंच ना."

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"माहीत आहे."

"मग? काय ठेवलंस त्याच्यात एवढं? सोनं आहे काय?" मग हळूच, "त्यांना दिलंस काय खरंच? दिलं असलं तरी चालेल. आपण माफी मागू. पायावर डोकं ठेवू, कोंबडं देऊ. मी ठेवतो डोकं. तू सांग फक्त."

जयवंती भाकरी थापत राहिली. त्याला सांगावं असं तिला फार वाटलं. त्याचे डोळे लाल झाले होते. पण सांगितलं असतं तर तो आनंदाने धावत जाऊन सुदामला सांगणार, हेही दिसत होतं. नवव्या दिवशी त्याने आपली घोंगडी, कोयता आणि मोबाइलचा चार्जर उचलला आणि चाळीस पावलांवरच्या भावाच्या घरी गेला. तिच्या अंगणातून तो रोज दिसायचा. भावजयीने वाढलेलं ताट घेऊन तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

बोअरिंगवर तिला कोणी अडवलं नाही. ती हंडा घेऊन आली की बायका आपले हंडे अर्धे भरलेले सोडून बाजूला व्हायच्या. ती भरायची, निघायची, मग मागे पुन्हा आवाज सुरू व्हायचा. फळांच्या वाडीवर कामाला जाणाऱ्या टेंपोत चढायला गेली तर आधीच बसलेल्या सगळ्या खाली उतरल्या. ड्रायव्हर वैतागला. तीच मग उतरली, आणि त्या दिवसापासून काम सुटलं. शाळेचे गुरुजी पाड्याबाहेरचे होते. ते एकदा वाटेत थांबवून म्हणाले, की हा गुन्हा आहे, कायदा आहे, तळासरीला जाऊन तक्रार द्या, नावं लिहून द्या. जयवंतीने विचारलं, "कोणाकोणाची?" गुरुजी म्हणाले, "सगळ्यांची." सगळ्यांत रघ्याही आला, जाऊही आली, सुदामही आला. ती नुसती मान हलवून पुढे गेली.

सगळ्यात जास्त योगिताचं लागलं. एकोणीस वर्षांची पोर, तिचं आशागडजवळच्या पाड्यातल्या सुनिलशी जमलं होतं. पोरगा चांगला, उंबरगावला कंपनीत लागलेला. लगीन पाड्याचं असतं. लग्नाची गाणी गाणारी धवलेरी पाड्याची, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी पाड्याच्या, वाजवणारे पाड्याचे. सुनिलच्या घरच्यांनी निरोप पाठवला, की आधी तुमचं मिटवा.

"आई, तू एक शब्द बोल," योगिता म्हणाली. "खोटा बोल पायजे तर."

"खोटं कशाला बोलू?"

"मग खरं बोल! तुझ्या एका मताला माझं सगळं गेलं. तू काय मोठी लागून गेलीस गं? तुझं माझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. मी कोणापाशी आहे मग?"

पोरीचा हात धरायला जयवंती पुढे झाली, तर योगिताने हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून सुनिलकडे राहायला निघून गेली. आधी एकत्र राहून लगीन मागाहून करायची रीत होतीच. त्यात लाज नव्हती. पण निघताना ती बापाच्या पाया पडली आणि आईच्या दारावरून सरळ गेली.

त्या दुपारी रिकाम्या घरात जयवंतीने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. "अमृतला दिलं." किती सोपं होतं. तिला वाटलं, आपण वेड्या झालो आहोत. वाटलं, आत्ता उठावं आणि सुदामच्या अंगणात जाऊन ओरडावं. ती उठलीसुद्धा, उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले, आणि मग ती उंबऱ्यावरच बसून रडली. हंबरून रडली. चाळीस पावलांवर रघ्या उभा होता. तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

*

आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत पाडा एकेकाच्या शेतात उतरतो. आज याचं, उद्या त्याचं. जयवंतीच्या शेतात कोणी येणार नव्हतं आणि तिला कोणी बोलावणार नव्हतं. चिखलणी तिने कुदळीने केली. राबातली रोपं पिवळी पडायला लागली तरी अर्धं शेत रिकामं होतं. वाकून वाकून कंबर धरली, की ती बांधावर आडवी पडायची आणि पावसातच पडून राहायची.

अशीच पडलेली असताना बुधीबाई आली. डोक्यावर इरलं, हातात काठी, डोळ्यांत सायीसारखं पांढरं. बांधावरची निसरडी वाट ती एकटी कशी चालून आली कोण जाणे.

"जयवंती आहेस काय गं?"

"आजी, जा तू. दंड लावतील."

"मला कोण लावतो." म्हातारी बांधावर बसली. काठी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "ते मत माझं होतं."

जयवंती उठून बसली.

"खालच्या पाड्याचा तो उभा होता ना, तो माझ्या भावाचा नातू. माझ्या माहेरचा पोर. साठ वर्षं झाली मला इकडं येऊन, माहेरच्याला कधी काय दिलं नाय. ती मशीनवाली बाय बोलली, आजी, तुमचं तुम्ही ठरवा, कोणी बघत नाय. त्याची छत्री मोठी काढलेली, दिसली मला. वाटलं, एकानं काय होतंय. एवढ्या लोकांत एकानं काय होतंय गं?" ती डोळे पुसायला लागली. "नातसून माझी मेली त्या ओहोळावर, नि मीच... वर कणसरीचे दाणे धरून खोटं बोलले. आता भात गिळत नाय मला. दाणा जिभेवर ठेवला की तो फुगतो."

पाऊस इरल्यावर वाजत होता. चार महिने. नवरा, पोर, काम, आणि ही समोर बसलेली म्हातारी.

"मला नाय बोलवत सुदामपुढं," बुधीबाई म्हणाली. "तू सांग. जा नि सांग त्याला. सुट तू."

जयवंतीने सुदामच्या घराकडे पाहिलं. इथून हाकेच्या अंतरावर होतं. एक हाक मारली तरी पुरे.

"तू दिलंस ते तुझं," ती शेवटी म्हणाली. "तुला सांगायचं तर तू सांग. नसेल सांगायचं तर नको सांगू. मी कसं सांगू तुझं?"

"अगं, मीच तर बोलते ना, सांग म्हणून!"

"नाय आजी. मला नाय जमणार."

म्हातारीला वाटलं होतं, की आज ओझं उतरेल. ती काठी टेकत उठली आणि आली तशी गेली. आपण तिला सोडवलं की आणखी बुडवलं, हे जयवंतीला कळेना. रोपांची मूठ हातात तशीच होती.

*

नवा भात आला तेव्हा बुधीबाईने त्याला हात लावला नाही. नागलीची पेजही बंद केली. भगत झाला, डहाणूचा डॉक्टर झाला. दिवाळीनंतर एका सकाळी ती गेली. शेवटपर्यंत कशामुळे ते बोलली नाही. तिच्या तिरडीला सगळा पाडा होता. जयवंती आपल्या दारात उभी राहून लांबून हात जोडत होती.

बाराव्यानंतर सुदाम तिच्या अंगणात आला. किती महिन्यांनी तिच्या अंगणात माणसाचं पाऊल पडलं. तो खूप म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. तिने पाणी पुढे केलं नाही, त्याची अडचण होऊ नये म्हणून. त्यानेच मडक्यातून घेतलं आणि प्यायला.

"आई तुझं नाव घेत होती," तो म्हणाला. "का ते नाय बोलली. तुला काय माहीत आहे?"

जयवंती मडक्याशी सांडलेलं पाणी पुसू लागली.

"बरं, नको बोलू. ते जाऊ दे." तो खाली बघत बोलत होता. "योगिताला दिवस गेलेत. होळीनंतर लगीन उरकू म्हणतात. मलापण वाटतं, पोरीच्या मांडवात आई पायजे. ऐक माझं. तोंडानं काय बोलू नको. मी नाव घेतो, तू नुसती मान हलव. पाड्याला काय सांगायचं ते मी सांगतो. अमृत. बोल, अमृत ना?"

तो इतक्या मायेने विचारत होता, की तिला भडभडून आलं. तिच्या मानेत ती हालचाल आलीही होती. आणि तेवढ्यात तिला समजलं, की तिने मान हलवली तर उद्यापासून पाडा पुन्हा मोजायला बसेल. एकशे त्रेचाळीस शपथा होतील आणि एक खोटी ठरेल. मग सगळे आठवू लागतील, म्हातारीने दाणा का सोडला. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. बुधीबाई नसती तरी ती मान हलली नसती, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि कळून तिला स्वतःचीच भीती वाटली.

सुदामने वाट पाहिली. अंगणातल्या कोंबड्या त्याच्या पायाशी येऊन गेल्या.

"देवानं कसं काय घडवलं तुला," तो म्हणाला. रागाने नाही. मडक्यावर झाकण ठेवून तो निघून गेला.

*

होळीनंतरच्या आठवड्यात जयवंती झाईच्या एका वाडीवर चिकू निवडायला बसली होती. हे काम तिला नवीन मिळालं होतं. पाड्यातून पहाटे चालत तळासरी, तिथून बस. इथे तिला कोणी ओळखत नव्हतं. हौदातून धुऊन आलेले चिकू गोणपाटावर ओतले जायचे, आणि बायका त्याभोवती बसून मोठे, मध्यम, बारीक असे वेगळे करायच्या. मऊ पडलेला बाजूला.

शेजारी बसलेली बायजी नावाची बाई बोलकी होती, गुजराती हेल काढून बोलायची. "कुठची गं तू?"

"तळासरीकडची."

"घरी कोण कोण?"

"एक पोरगी आहे."

"लगीन झालं?"

"आज आहे."

बायजीचे हात थांबले. "आज? पोरीचं लगीन आज, नि तू इथं?"

जयवंतीने चिकू उचलला, देठापाशी अंगठा दाबून पाहिला. घट्ट होता. तो तिने मोठ्यांत ठेवला आणि दुसरा उचलला. आत्तापर्यंत हळद लागली असेल. आईच्या जागी जाऊ उभी राहिली असेल, तिला पदर नीट घेता येत नाही.

बायजी अजून तिच्याकडे बघत होती. मग तिने काही न विचारता जयवंतीच्या पुढ्यातला ढीग थोडा स्वतःकडे ओढून घेतला आणि दोघींचे चिकू निवडू लागली.

"राहू दे," जयवंती म्हणाली. "माझे मी करते."

आणि तिने ढीग पुन्हा आपल्याकडे घेतला.